माहितीच्या खटल्यातली वकील-फी भरपाई (अमेरिका)

सरकारी कचेरी कागद देत नाही म्हणून कोर्टात जायचं, जिंकायचं, आणि वकिलाचं बिल त्याच कचेरीकडून वसूल करायचं, ही सोय अमेरिकेत कायद्यानं आहे आणि तिला तिकडे फी-शिफ्टिंग म्हणतात. मराठीत ठरलेला शब्द नाही, म्हणून इथे साधं 'फी-भरपाई' म्हटलंय. केंद्र सरकारच्या पातळीवर ही सोय फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन अ‍ॅक्टमध्ये म्हणजे 'फोया'मध्ये आहे, आणि राज्यांच्या आपापल्या रेकॉर्ड कायद्यांत वेगवेगळ्या रूपात आहे. फोयावर राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांची सही ४ जुलै १९६६ला झाली, अंमल वर्षभरानं सुरू झाला, पण फी-भरपाई त्यात तेव्हा नव्हती, ती १९७४च्या दुरुस्तीत आली. एक गोष्ट आधीच वेगळी काढलेली बरी: रेकॉर्ड शोधायला आणि कॉप्या काढायला एजन्सी अर्जदाराकडून जी फी घेते आणि कधी माफ करते, तिचा इथे संबंध नाही, इथे फक्त वकिलाच्या फीचा विषय आहे.

मूळ रिवाज आणि त्याचा वाद

अमेरिकेत मुळात ज्याचा वकील त्यानंच त्याचे पैसे भरायचे, जिंकला तरी आणि हरला तरी. याला 'अमेरिकन रूल' म्हणतात. इंग्लंडात याच्या उलट, हरलेला जिंकलेल्याचा खर्च भरतो, आणि आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५चा रोखही तसाच आहे (हातात पडणारी रक्कम बहुतेक वेळा किरकोळ असते हा भाग वेगळा). हा अमेरिकन रिवाज कधीपासूनचा यावर एकमत नाही. नेहमी दाखला देतात तो आर्केम्बल विरुद्ध वाइजमन या १७९६च्या निकालाचा, ज्यात सुप्रीम कोर्टानं नुकसानभरपाईत धरलेले वकिलाचे १,६०० डॉलर काढून टाकले आणि देशातली सर्वसाधारण रीत याच्या विरुद्ध आहे एवढंच सांगितलं. पण हा निकाल अगदीच त्रोटक आहे, आणि काही इतिहासकारांचं म्हणणं असं की त्या काळात बऱ्याच राज्यांत वकिलांच्या फीचे दर कायद्यानं बांधलेले होते, वसूल होणारी फी तुटपुंजी होत गेली आणि वकील अशिलाकडून जास्त घ्यायला लागले, तेव्हा कुठे एकोणिसाव्या शतकात हा रिवाज आजच्या रूपात पक्का झाला. हे दुसरं मत जास्त पटतं, कारण १७९६चा निकाल रीत आहे असं नुसतं सांगतो, ती आली कुठून ते सांगत नाही.

या रिवाजाला वळसा घालणारी कल्पना म्हणजे 'प्रायव्हेट अ‍ॅटर्नी जनरल', म्हणजे सार्वजनिक कायदा अमलात यावा म्हणून स्वतःच्या खिशातून लढणारा साधा नागरिक. हा शब्दप्रयोग सहसा न्यायाधीश जेरोम फ्रँक यांच्या १९४३च्या एका निकालाच्या नावावर लावतात. १९७०च्या आसपास केंद्रीय कोर्टं या कल्पनेच्या जोरावर आपणहून फी देववायला लागली होती, ते सुप्रीम कोर्टानं अल्येस्का पाइपलाइन खटल्यात मे १९७५मध्ये थांबवलं आणि सांगितलं की फी कुणाला द्यायची हे संसदेनं कायद्यात लिहायचं, कोर्टानं ठरवायचं नाही. फोयातली तरतूद त्याच्या काही महिने आधीच पुस्तकात आलेली होती. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ती दुरुस्ती १७ ऑक्टोबर १९७४ला व्हेटोनं अडवली होती, दोन्ही सभागृहांनी नोव्हेंबरमध्ये व्हेटो उलटवला, आणि फेब्रुवारी १९७५पासून ती लागू झाली. नाहीतर माहितीच्या खटल्यांत फीचा दरवाजा अल्येस्कानंतर बंदच राहिला असता.

'बऱ्याच अंशी जिंकला' म्हणजे काय

१९७४च्या वाक्याचा अर्थ असा की दावेदार बऱ्याच अंशी जिंकला असेल तर कोर्ट सरकारकडून वाजवी फी आणि खर्च देववू शकेल. यातल्या 'बऱ्याच अंशी जिंकला' या शब्दांवर तीसेक वर्षं झगडा चालला, आणि तो समजून घ्यायला हवा, कारण माहितीचे खटले इतर खटल्यांसारखे संपत नाहीत. एजन्सी दोन वर्षं नाही नाही म्हणते, अर्जदार दावा लावतो, तारखा पडतात, आणि निकाल लागायच्या आधी एक दिवस कागदांचा बॉक्स येतो आणि सरकारी वकील कोर्टाला सांगतो की आता भांडण उरलंच नाही, दावा निकाली काढा. कागद तर मिळाले पण हुकूम नाही, मग जिंकलं कोण आणि वकिलाला पैसे कुणी द्यायचे?

यावर कोर्टांनी काढलेला तोडगा म्हणजे 'कॅटॅलिस्ट थिअरी', म्हणजे उत्प्रेरक सिद्धांत: खटल्यामुळेच सामनेवाला हलला असेल तर हुकूम नसला तरी जिंकल्यासारखंच धरायचं. याचा उगम बहुतेक जण पारहम विरुद्ध साउथवेस्टर्न बेल या १९७०च्या नोकरीतल्या भेदभावाच्या खटल्यात धरतात. मात्र पारहममध्ये कंपनीनं आधी भेदभाव केलेला होता असा निष्कर्ष कोर्टानं काढलेला होता, त्यामुळे तो शुद्ध उत्प्रेरकाचा दाखला नव्हे असं एक मत आहे आणि त्यात तथ्य आहे. फोयापुरतं बोलायचं तर व्हर्माँटमधल्या गरिबांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचा १९७६चा खटला महत्त्वाचा, त्यात न्यायाधीश हेन्री फ्रेंडली यांनी कसोटी दोन भागांत मांडली: दावा लावणं गरजेचं होतं असं वाजवीपणे म्हणता यायला हवं, आणि माहिती मिळण्यात त्या दाव्याचा खराखुरा हात असायला हवा. पुढची पंचवीस वर्षं बहुतेक कोर्टं याच वाटेनं गेली.

मग २००१ साली बकहॅनन आलं. हा खटला माहितीचा नव्हताच, वेस्ट व्हर्जिनियातल्या वृद्धांच्या निवासाचा होता. आग लागली तर स्वतःहून बाहेर पडू न शकणाऱ्यांना तिथे ठेवता येणार नाही असा राज्याचा नियम होता, त्याला आव्हान दिलं, आणि खटला चालू असताना विधिमंडळानं नियमच काढून टाकला. मालकांनी फी मागितली, सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी नाकारली: कोर्टाचा हुकूम किंवा कोर्टानं मान्य केलेली तडजोड नसेल तर 'जिंकलेला पक्ष' नाही. वॉशिंग्टनच्या अपील कोर्टानं लगेच २००२मध्ये एका कामगार संघटनेच्या ऊर्जा खात्याविरुद्धच्या खटल्यात हेच फोयाला लावलं, आणि तिथेच फोयाचे सगळ्यात जास्त महत्त्वाचे निकाल लागत असल्यानं परिणाम मोठा झाला. एजन्सीला आता शेवटच्या क्षणी कागद देऊन फी चुकवता येत होती, आणि पैसे मिळतील की नाही याची खात्री नसताना छोट्या वर्तमानपत्राची किंवा एकट्या माणसाची केस घ्यायला वकील का धजावेल! मला स्वतःला बकहॅनन वाचताना हीच गोष्ट सगळ्यात जास्त टोचते, की माहितीच्या कायद्यात हुकूम हे साधन आहे आणि कागद हे साध्य, आणि कोर्टानं साधनालाच जिंकणं मानलं.

संसदेनं हे ओपन गव्हर्न्मेंट अ‍ॅक्टनं दुरुस्त केलं, राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांची सही ३१ डिसेंबर २००७ची. आता हुकूम, अमलात आणता येईल असा लेखी करार किंवा संमतीचा निकाल असेल तर जिंकलं, आणि एजन्सीनं आपणहून भूमिका बदलली तरीसुद्धा जिंकलं, मात्र दावा अगदीच पोकळ नसावा. दुसरा बदल कमी बोलला जातो पण तितकाच कामाचा आहे: आधी ही फी सरकारच्या सामाईक जजमेंट फंडातून जायची, आता एजन्सीला स्वतःच्या वार्षिक बजेटमधून भरावी लागते. अडवणूक करणाऱ्या खात्याच्याच खिशाला चाट बसते. दुरुस्ती मागच्या तारखेनं लागू होत नाही असं वॉशिंग्टनच्या अपील कोर्टानं २००९मध्ये ठरवलं.

चार निकष

पात्र ठरलं म्हणजे फी मिळालीच असं नाही, कारण कायद्यात 'शकेल' आहे. कोर्टं चार गोष्टी बघतात: जनतेचा फायदा, दावेदाराचा धंदेवाईक फायदा, त्याचा कागदांत रस कसला, आणि एजन्सीच्या नकाराला कायद्याचा वाजवी आधार होता का. गंमत अशी की हे चार निकष कायद्यात कुठेच नाहीत. १९७४च्या सिनेटच्या मसुद्यात होते, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीनं काढले, कारण निकष लिहून ठेवले तर ते कोर्टाला फार बांधून टाकतील आणि आधीचे निकाल असताना त्यांची गरजही नाही असं समितीचं मत होतं, आणि कोर्टांनी ते कुनेओ विरुद्ध रम्सफेल्ड (१९७७) वगैरे निकालांतून परत आणून बसवले.

ते किती लवचीक आहेत हे केनेडी हत्येशी जोडलेल्या दोन खटल्यांत दिसतं. डेव्ही विरुद्ध सीआयएमध्ये एका लेखकाला खालच्या कोर्टानं फी नाकारली, वरच्या कोर्टानं २००८मध्ये ते उलटवलं. पत्रकार जेफरसन मॉर्ली यांनी जॉर्ज जोआनिडीस या सीआयए अधिकाऱ्याच्या कागदांसाठी २००३मध्ये दावा लावला, फीचा प्रश्न २०१३ आणि २०१६मध्ये दोनदा खाली परत पाठवला गेला, आणि २०१८मध्ये दोन विरुद्ध एक मतांनी नकार कायम झाला. पंधरा वर्षं, आणि वकिलाच्या हाती शून्य.

रक्कम कशी काढतात

वाजवी तास गुणिले वाजवी दर, याला 'लोडस्टार' म्हणतात. यासाठी वकिलाला टाइमशीट द्यावं लागतं आणि ते बघण्यासारखं असतं: तासाचे दहा भाग, एक भाग सहा मिनिटांचा, '०.२, सरकारी वकिलाशी फोन, उरलेल्या पानांची तारीख', '३.१, व्हॉन इंडेक्स वाचून आक्षेपांची यादी'. (व्हॉन इंडेक्स म्हणजे एजन्सीनं लपवलेल्या प्रत्येक कागदाची कारणांसकट यादी, १९७३च्या एका निकालावरून हे नाव पडलं.) मग सरकारी वकील ओळ न ओळ तपासतो, हा फोन दोघांनी कशाला केला, या एका ओळीत तीन कामं कोंबलीयत म्हणून सगळीच कापा. एजन्सीकडे अर्ज आणि आतलं अपील करताना घातलेले तास धरत नाहीत, फक्त खटल्याचे धरतात. फी मागण्यासाठी जे भांडावं लागतं त्याचीही फी मिळू शकते, त्याला 'फीज ऑन फीज' म्हणतात. वॉशिंग्टनमध्ये दरासाठी लॅफी मॅट्रिक्स नावाचा तक्ता वापरायचे, वकिलाचा अनुभव किती वर्षांचा त्यावर दर. तो कुठला धरायचा यावर स्वतंत्र वाद आहेत.

स्वतःच स्वतःची केस लढणाऱ्या सामान्य माणसाला फी मिळत नाही, आणि तो वकील असला तरी नाही. पण लॉ फर्मनं स्वतःच्या नावानं दावा लावला तर मिळते, हे २००६मध्ये ठरलं.

राज्यं

इथे फार फरक आहेत. कॅलिफोर्नियात जिंकलेल्याला फी देणं कोर्टाला बंधनकारकच आहे, आणि अर्जदारानं भरायची वेळ फक्त दावा उघडउघड फालतू असला तरच येते. वॉशिंग्टन राज्यात फीशिवाय दिवसाला १०० डॉलरपर्यंत दंडही आहे. किंग काउंटीतल्या फुटबॉल स्टेडियमच्या कागदांवरून झालेल्या खटल्यात राज्याच्या सुप्रीम कोर्टानं २०१०मध्ये दिवसाला ४५ डॉलर या हिशेबानं ३,७१,३४० डॉलर दंड ठरवला. फ्लोरिडात २०१६च्या निकालानं एजन्सीचा हेतू चांगला होता ही सबब काढून टाकली, पुढच्याच वर्षी विधिमंडळानं दावा लावायच्या किमान पाच कामकाजाचे दिवस आधी लेखी नोटीस द्यायची अट घातली. विस्कॉन्सिननं २०२२मध्ये उत्प्रेरक सिद्धांत सोडला. न्यू जर्सीत २००८पासून तो होता आणि फी बंधनकारक होती, ती २०२४च्या कायद्यानं बरीच आवळली: आता नकार अवाजवी असेल, एजन्सीनं वाईट हेतूनं वागलं असेल किंवा जाणूनबुजून कायदा मोडला असेल तरच बंधनकारक.

भारताशी तुलना

आपल्याकडच्या २००५च्या माहिती अधिकार कायद्यात या नोंदीत सांगितली तशी फी-भरपाई नाही. कलम २३नं दिवाणी कोर्टाचा रस्ता बंद आहे, भांडण आयोगापुढे चालतं आणि तिथे वकील लागतोच असं नाही. कलम २०चा दंड दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,०००, तो अधिकाऱ्याला होतो आणि त्यातलं काही अर्जदाराला मिळत नाही. अर्जदाराच्या वाट्याला येऊ शकते ती कलम १९(८)(ख)खालची नुकसानभरपाई, आणि ती अधिकाऱ्यानं नव्हे तर सार्वजनिक प्राधिकरणानं, म्हणजे त्या कार्यालयानंच द्यायची असते.