रोज किती प्रथिने? एका आकड्याची पार्श्वभूमी

प्रथिनांचे महत्त्व आज कुणाला पटवावे लागत नाही. किती खावीत, यावर मात्र दीडशे वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४२ मध्ये मांडले की, स्नायू काम करतात ते स्वतःतली प्रथिने खर्चून. म्हणजे कष्ट जितके जास्त, तितकी प्रथिने जास्त. हे तपासायला १८६५ मध्ये फिक आणि विस्लिसेनुस हे दोन प्राध्यापक आल्प्समधले फाउलहॉर्न शिखर चढले. आदल्या दुपारपासून त्यांनी प्रथिने वर्ज्य केली, पिष्ट, चरबी आणि साखरेवर भागवले आणि लघवी साठवून तिच्यातला नायट्रोजन मोजला, कारण खर्च झालेल्या प्रथिनांतला नायट्रोजन लघवीतून बाहेर पडतो. खर्च झालेल्या प्रथिनांतून त्या चढाईचे जेमतेम निम्मे श्रम भागले असते. उरलेली ऊर्जा दुसरीकडून आली होती.

तरी जुनी समजूत हटली नाही. म्युनिकचे कार्ल फॉइट यांनी श्रमिक पुरुषासाठी रोज ११८ ग्रॅम हा आकडा दिला, अमेरिकेत ॲटवॉटर यांनी १२५. त्यांचा आधार मुख्यतः धडधाकट माणसे प्रत्यक्षात काय खातात, हा होता. माणूस जेवढे खातो तेवढे त्याला लागतेच, हे गृहीतच चुकीचे होते आणि या इतिहासातली सर्वांत मोठी गफलत मला हीच वाटते. येल विद्यापीठातील रसेल चिटेंडन यांनी सहकारी, सैनिक आणि खेळाडू यांना कित्येक महिने फॉइट यांच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी प्रथिनांवर ठेवले. त्यांची ताकद टिकली, १९०४ मध्ये निष्कर्षही छापले गेले, पण मोठ्या आकड्यांचे वजन फार घटले नाही.

पुढे प्रथिनांचा दर्जाही महत्त्वाचा ठरला. मक्यातल्या झेइन या प्रथिनात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते, त्यामुळे केवळ त्यावर उंदीर वाढत नाहीत.

१९३३ मध्ये सिसिली विल्यम्स यांनी गोल्ड कोस्टमधील, म्हणजे आजच्या घानामधील, क्वाशिओरकोर हा कुपोषणाचा आजार झालेल्या मुलांचे वर्णन केले. अंगावर सूज, केसांचा रंग उडालेला, आहार बहुतांशी मक्याचा. जगभरच्या कुपोषणाचे मूळ प्रथिनांच्या तुटवड्यात आहे, ही धारणा नंतर इतकी बळावली की, १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाने ‘प्रथिन-संकटा’चा इशारा दिला. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी याला ठाम विरोध केला. अन्नच अपुरे असले तर शरीर प्रथिनेही इंधन म्हणून जाळते, तेव्हा बहुतेक ठिकाणी आधी पोटभर अन्न हवे, असे त्यांचे म्हणणे होते. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅकलॅरन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या साऱ्या धोरणावर कडक टीका केली. दरम्यान मुलांसाठी बराच पैसा आणि वेळ प्रथिनयुक्त पूरक पदार्थांवर खर्ची पडला होता, हे वाचताना आजही वाईट वाटते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार निरोगी प्रौढांसाठी सुरक्षित पातळी, म्हणजे जवळपास सर्वांना पुरेल इतके प्रमाण, रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आहे. ६० किलोच्या व्यक्तीसाठी हे साधारण ५० ग्रॅम होतात, म्हणजे चिटेंडन यांनी प्रयोगात दिलेल्या प्रथिनांच्या आसपास. वाढती मुले, गरोदर आणि स्तनदा माता यांची गरज वेगळी धरतात. वृद्धांचे स्नायू झिजतात म्हणून त्यांना दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम द्यावे, असे अनेक तज्ज्ञांचे मत आहे आणि सध्याचा वाद मुख्यतः तिथेच आहे.