जलपर्णी काढली म्हणजे तलाव वाचला?

तलाव जलपर्णीने भरला की श्रमदानाची हाक दिली जाते. ट्रॉल्या भरभरून जलपर्णी निघते, फोटो निघतात आणि तलाव वाचला, असा समज पक्का होतो. पुढच्या वर्षी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न!

जलपर्णी आणि शेवाळ पोसलं जातं ते मुख्यतः फॉस्फरस आणि नायट्रोजनवर. ते येतं पाणलोटातून: सांडपाणी, शेतातलं खत, उघड्या उतारावरून धुपून आलेली माती. १९७३ मध्ये कॅनडात शास्त्रज्ञांनी एका तलावात आडवा पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. कार्बन आणि नायट्रोजन दोन्हीकडे, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. तीच बाजू हिरवीगार झाली.

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलजवळच्या लेक वॉशिंग्टनचं उदाहरण तर बघाच. १९५८ मध्ये तिथल्या नागरिकांनी मतदान करून सांडपाण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभारायला मंजुरी दिली. १९६३ ते १९६८ दरम्यान तलावात जाणारं सांडपाणी दुसरीकडे वळवलं गेलं आणि पाणी पुन्हा नितळ झालं.

म्हणून श्रमदान सोडायचं का? अजिबात नाही. पण काढलेली जलपर्णी काठावरच कुजू दिली, तर तिच्यातला फॉस्फरस पावसाबरोबर पुन्हा पाण्यात. ती लांब न्यावी. आणि निम्मे हात वरच्या बाजूला, तलावात येणाऱ्या नाल्याकडे लावावेत: काठाने गवत-झुडपांचा पट्टा, नाल्यात सोडलेल्या सांडपाण्याच्या पाइपांचा शोध. फोटो फारसे चांगले येणार नाहीत. शिवाय तळाच्या गाळात साठलेला फॉस्फरस पुढे काही वर्षं झिरपत राहतो, त्यामुळे फरक उशिराच दिसतो.