पहचान कार्ड वेगळं, जीआय वेगळा

गेल्या हिवाळ्यात एका मेळ्यात चाळीसगावकडच्या बंजारा तांड्यावरची मावशी स्टॉलचा फॉर्म घेऊन आली. पिशवीत तिनं स्वतः भरलेली कांचळी, म्हणजे बंजारा बायकांची भरतकामाची चोळी, आणि आरसे-कवड्यांचे बटवे. टेबलावरच्या माणसानं विचारलं, "जीआय आहे का?" तिनं पहचान कार्ड पुढे केलं. "हे नाही चालत." ती माघारी वळली. मला ते फार लागलं, कारण तिथे जे मागायला हवं होतं ते तिच्या हातातच होतं.

पहचान कार्ड माणसाचं असतं. केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयातलं विकास आयुक्त (हस्तशिल्प) कार्यालय ते कारागिराला देतं. त्यावर त्याचा फोटो आणि त्याची कला: बांबूकाम, मातीकाम, भरतकाम. म्हणजे टोपल्या विणणाऱ्याच्या कार्डावर दुसऱ्याचं भरतकाम मांडलं, तर ते कार्ड त्या मालाला लागू होत नाही. मागावर विणणाऱ्यांचं खातं निराळं, त्यांचे विकास आयुक्त हातमागाचे.

जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मालाच्या नावाला आणि मुलखाला मिळतं. कायदा १९९९चा, लागू झाला २००३मध्ये. नोंदणी चेन्नईला होते आणि दर १० वर्षांनी नव्यानं करावी लागते. आपल्याकडे जळगावची केळी, जळगावचं भरिताचं वांगं आणि नवापूरची तूरडाळ यांना ते आहे. वांगं काही कुणी सुईदोऱ्यानं घडवत नाही! त्यामुळे जीआय म्हणजे हातकाम, हे समीकरणच चूक. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. केळीला मानांकन आहे म्हणून रावेर-यावलच्या प्रत्येक बागायतदाराला खोक्यावर ते चिन्ह छापता येत नाही. त्यासाठी 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःचं नाव नोंदवावं लागतं. त्याची फी २०२०मध्ये ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आली, तेव्हा पैशांची अडचण आता उरलेली नाही.

मग मावशीनं जीआय आणायचा कुठून? कर्नाटकात संडूरच्या लंबाणी, म्हणजे तिकडच्या बंजारा, भरतकामाला जीआय आहे. तिची कला त्याच गोतातली. पण ते नाव संडूरच्या मुलखाचं; चाळीसगावात भरलेल्या कापडाला ते लावता येणार नाही. तिच्या कामाची ओळख तिच्या कार्डावरच आहे, आणि ती पुरेशी आहे.

म्हणून मेळा भरवणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं: कारागीर म्हणून जागा देताना पहचान कार्ड बघा. जीआयची नोंद फक्त त्यांनाच विचारा, जे मानांकित नावानं माल विकतात, जसं येवल्याची पैठणी.

एवढं करूनही स्टॉलवरचा तुकडा हाताचाच आहे, हे दोन्ही कागद सांगत नाहीत. त्यासाठी कापड उलटं करायचं. मशीनच्या भरतकामात मागून खालचा दोरा एकसारखा दिसतो, बऱ्याचदा अस्तराचा कागदही चिकटलेला असतो. मावशीची कांचळी मी उलटून पाहिली होती. मागे गाठी होत्या, एका फुलावरून दुसऱ्याकडे ओढलेला लाल दोरा होता, एके ठिकाणी दोरा संपला म्हणून जोडलेला पिवळा. आरसे डिंकानं चिकटवलेले नव्हते. चारी बाजूंनी आडवे-उभे टाके घेऊन बसवलेले होते.

मी तीच उलटी बाजू टेबलावरच्या माणसापुढे धरली. त्यानं दोनदा बोट फिरवून पाहिलं आणि मावशीला हाक मारून परत बोलावलं.