पाचव्याने काय निवडावं?

५ ऑगस्ट २०१८. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ‘ओपनएआय’च्या संगणकी संघाने ‘डोटा २’ या संगणकावरच्या खेळात पाच कसलेल्या माणसांना लागोपाठ दोन सामन्यांत हरवलं. हा संघ रोज स्वतःशीच १८० वर्षांइतका खेळ खेळून तयार झाला होता. तिसऱ्या सामन्याला एक गंमत केली गेली. संगणकाचे पाच हिरो, म्हणजे खेळणारा ज्यांना चालवतो ती पात्रं, निवडायचं काम प्रेक्षकांना दिलं, आणि त्यांनी मुद्दाम एकमेकांशी न जुळणारे हिरो त्याच्या गळ्यात घातले. खेळ सुरू होण्याआधीच संगणकाने आपली जिंकण्याची शक्यता सांगून टाकली: २.९ टक्के. पहिल्या सामन्याआधी हाच आकडा ९५ होता. तिसरा सामना तो हरला. खेळणारा तोच होता, समोरची माणसंही तीच. बदलले होते फक्त हिरो.

डोटात पाच विरुद्ध पाच अशी लढत असते. सुरुवातीला दोन्ही संघ आळीपाळीने काही हिरो बाद करतात आणि काही उचलतात. याला ड्राफ्ट म्हणतात. नवख्याला वाटतं, यादीतले सगळ्यात तगडे पाच उचलले की झालं. तसं का होत नाही, याचं पहिलं उत्तर सोन्यात आहे.

मैदानावर ठरावीक वेगाने छोटे सैनिक येतात. त्यांच्यावर शेवटचा घाव घालणाऱ्याला सोनं मिळतं आणि त्या सोन्यातून हत्यारं घेता येतात. हे सोनं पाच जणांना पोटभर पुरत नाही. एका विहिरीच्या पाण्यावर पाचही वाफ्यांत ऊस होत नाही, तसंच हे. म्हणून संघात एक ते पाच असे क्रमांक असतात. एक नंबरचा ‘कॅरी’ म्हणजे ऊस: भरपूर पाणी पितो, उशिरा तयार होतो, पण शेवटी घर तोच चालवतो. पाच नंबरचा ‘सपोर्ट’ म्हणजे रब्बीची ज्वारी. जमिनीतल्या ओलीवर उभी राहते आणि तरी कणीस देते. भूमिका म्हणजे मुळात पाण्याची पाळी. तीन ऊस एकत्र लावले तर तिन्ही वाळतात. प्रत्येक हिरो सुटा पाहिला तर उत्तमच असतो, हे लक्षात घ्या.

पण ज्वारी कोण आणि ऊस कोण, हे हिरोच्या जन्मावर ठरत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शांघायला झालेल्या जागतिक स्पर्धेत ‘ओजी’ या संघाने हे दाखवून दिलं. ‘आयो’ हा प्रकाशाचा एक गोळा. तो साथीदाराला दोरीसारखा जोडून घेतो, स्वतःला भरून आलेली ताकद त्यालाही पोचवतो, दोघांच्या हल्ल्याचा वेग वाढवतो. वर्षानुवर्षं तो सपोर्ट म्हणूनच खेळला गेला. ओजीने त्यालाच सोनं पाजलं आणि कॅरी केलं. अंतिम लढत त्यांनी ३-१ अशी जिंकली आणि लागोपाठ दोनदा ही स्पर्धा जिंकणारा पहिला संघ ठरले. मला यातली खरी चलाखी माहितीची वाटते. पूर्वी आयो निवडला की समोरच्याला कळायचं, हा सपोर्ट. आता नुसतं नाव दिसतं, भूमिका दिसत नाही. म्हणून जाणते संघ दोन-तीन भूमिकांत बसणारे हिरो आधी उचलतात आणि ज्याची चटकन तोड निघते असा हिरो शेवटपर्यंत झाकून ठेवतात. एप्रिल २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये डोटाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. तसल्या मोठ्या स्पर्धांत ड्राफ्टची ती मिनिटं बघण्याला अनेक जण सामन्याइतकीच किंमत देतात, आणि ते योग्यच आहे.

ही ‘तोड’ गोलगोल फिरते. ‘फँटम लान्सर’ स्वतःच्या डझनभर सावल्या उभ्या करतो. ‘जगरनॉट’चा सगळ्यात मोठा वार जवळच्या शत्रूंवर उड्या मारत जातो, त्यामुळे तो या सावल्यांतच विखरून वाया जातो. लान्सर वरचढ. पण ‘अर्थशेकर’ जमीन हादरवतो तेव्हा जवळ जितके शत्रू जास्त, तितका मार जास्त, आणि लान्सरच्या सावल्याच त्याचा घात करतात. मग अर्थशेकरला जगरनॉट भारी पडतो, कारण पातं घेऊन गरगर फिरताना जगरनॉटला जादूचा मार फारसा लागत नाही. दगड, कागद, कात्री. असं वर्तुळ असलं की ‘सर्वोत्तम हिरो’ या शब्दालाच अर्थ उरत नाही. समोरचा आपल्या निवडीवर सगळ्यात वाईट उत्तर देणार हे धरून चालायचं आणि त्यातल्या त्यात कमी नुकसानीची चाल करायची, या विचाराला जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये गणिती पाया दिला.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या त्या संगणकाने ड्राफ्टसाठी हेच केलं. त्या दिवशी फक्त १८ हिरोंना परवानगी होती. त्यांतून पाच-पाचचे दोन संघ १ कोटी १० लाख प्रकारे बनतात, आणि यंत्राने त्या सगळ्या जोड्या तपासल्या. आज खेळात १२० हून अधिक हिरो आहेत. १२० धरले तरी जोड्यांची संख्या साधारण २९२ कोटी गुणिले १ कोटी होते. हिरो सातपटही वाढले नाहीत, जोड्या मात्र २६५ कोटी पट वाढल्या. माणूस इतकं मोजत नाही. तो आकार ओळखतो: सोन्याचे भुकेले किती, पहिला घाव कोण झेलणार, लढाई लवकर मिटवायची की लांबवायची.

बरेच जण मग तयार आकडेवारी बघतात: अमुक हिरो ५४ टक्के जिंकतो, तो घ्या. इथे फसगत होते. ‘मीपो’ घ्या. त्याची अनेक शरीरं एकाच वेळी हलवावी लागतात आणि एक मेलं की सगळी मरतात. त्याच्या वाटेला सहसा तेच जातात ज्यांनी त्याच्यावर शेकडो तास घातलेत. तेव्हा त्याच्या टक्केवारीत हिरोपेक्षा त्याला निवडणारी माणसंच जास्त दिसतात. रुग्णालयात माणसं जास्त मरतात म्हणून रुग्णालय घातक ठरवण्यासारखी ही चूक आहे.

गेल्या रविवारी भाच्याशेजारी बसलो होतो. चौघांचं ठरलं होतं, हा पाचवा. पडद्यावर सेकंद उलटे पळत होते.

“मामा, लान्सरवर माझा हात बसलाय.”

हात बसणं ही खरी गोष्ट आहे. साध्या सामन्यांत ओळखीचा हिरो पुष्कळदा अचूक तोडीपेक्षा भारी पडतो, असं माझंही मत आहे. पण समोर अर्थशेकर होता आणि आपल्याकडे आधीच तीन ऊस. “तुझा दुसरा हात कुणावर बसलाय?” मी विचारलं. शेवटच्या दोन सेकंदांत त्याने ‘क्रिस्टल मेडन’ घेतली. चालायला मंद, झटक्यात मरणारी. पण ती असली की सगळ्या साथीदारांची जादूची शक्ती, ते मैदानात कुठेही असले तरी, लवकर भरते.

अर्धा तास तो झुडपांत टेहळणीच्या खुणा रोवत फिरला. नऊ वेळा मेला. शेवटपर्यंत पायात साधे बूट आणि गाठीला दोन स्वस्त वस्तू. जिंकल्यावर त्या अनोळखी चौघांपैकी एकाने चॅटमध्ये लिहिलं, “मेडन, अजून एक खेळणार का?”