बोट चालवणाऱ्या हंगामी तरुणांसाठी अमेरिकी तटरक्षक दलाचा मर्यादित परवाना : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेलगत, ‘बाउंड्री वॉटर्स’ हा सुमारे ११ लाख एकरांचा संरक्षित वनप्रदेश आणि त्यातील हजारांहून अधिक तळी आहेत. १९७८ च्या कायद्यानुसार यांतील मोजक्याच तळ्यांवर यंत्रचलित बोटींना परवानगी आहे. मूस, न्यूफाउंड आणि सकर या तळ्यांवर इंजिनाची मर्यादा २५ अश्वशक्तीची आहे. या तळ्यांवर पर्यटकांना त्यांच्या कनूंसह (वल्ह्यांनी चालवायच्या हलक्या, अरुंद नावांसह) आत नेऊन सोडण्याचे काम सफरींची साधने भाड्याने देणाऱ्या संस्था, म्हणजे आउटफिटर, करतात. त्यांचे मनुष्यबळ बव्हंशी उन्हाळी सुट्टीपुरते आलेल्या विद्यार्थ्यांचे असते. अमेरिकेत वाढलेली मराठी घरांतील मुलेही अशा नोकऱ्यांचा विचार करतात, म्हणून या कामासाठी लागणाऱ्या परवान्याची प्रक्रिया येथे सविस्तर मांडली आहे.

सर्वप्रथम परवाना केव्हा लागतो हे समजून घ्यावे. ज्या प्रवाशाला नेण्यासाठी प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष मोबदला घेतला जातो, त्याला कायदा भाडोत्री प्रवासी मानतो. बोटीचे वेगळे पैसे न घेता ते सहलीच्या एकूण रकमेत धरले असले, तरी तो मोबदलाच ठरतो. संघराज्याच्या अखत्यारीतील नौकानयनयोग्य पाण्यावर असा एकही प्रवासी बोटीत असेल, तर चालकाकडे तटरक्षक दलाचा परवाना असावा लागतो. एखादे तळे त्या व्याख्येत बसते की नाही, याची विचारणा संस्थेने जवळच्या तटरक्षक कार्यालयाकडे लेखी करावी, कारण शेजारच्या दोन तळ्यांचे उत्तरही वेगवेगळे असू शकते. केवळ राज्याच्या अखत्यारीतील पाण्यावर राज्याचे नियम चालतात. मिनेसोटाने १ जुलै २०२५ पासून बोटचालकांसाठी सुरक्षा-अभ्यासक्रम आणि परवाना टप्प्याटप्प्याने बंधनकारक करण्यास सुरुवात केली असून, २०२८ पर्यंत १ जुलै १९८७ नंतर जन्मलेले चालक त्यात येतील.

सहा किंवा त्यांहून कमी भाडोत्री प्रवासी नेणाऱ्या लहान बोटीसाठीच्या सर्वसाधारण परवान्याला किमान वय १८ वर्षे आणि ३६० दिवसांचा अनुभव लागतो. जेमतेम चार-पाच महिन्यांच्या हंगामात काम करणाऱ्या विद्यार्थ्याला इतके दिवस भरायला कित्येक वर्षे लागतील. ही अडचण ओळखूनच संघीय नियमावलीत शिबिरे, शैक्षणिक संस्था, नौका-मंडळे आणि मरीना (खासगी बोटींचे धक्के) यांसारख्या संस्थांच्या कर्मचाऱ्यांसाठी मर्यादित परवान्याची तरतूद केलेली आहे. त्यासाठी ज्या प्रकारची बोट चालवायची, त्याच प्रकारच्या बोटीवरील तीन महिन्यांचा अनुभव, गेल्या पाच वर्षांत पूर्ण केलेला मान्यताप्राप्त सुरक्षित नौकानयन अभ्यासक्रम आणि त्या कामापुरती, त्या जलमार्गापुरती घेतलेली छोटी परीक्षा पुरेशी असते. आपली संस्था या तरतुदीत बसते का, हे आउटफिटरने तटरक्षक दलाच्या परीक्षा केंद्राकडून आधीच निश्चित करून घ्यावे.

अनुभवाच्या या तीन महिन्यांकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेचा कणा तोच आहे. लहान बोटींवर आठ तासांचे काम म्हणजे एक दिवस असा मूळ हिशेब आहे. कामाचे स्वरूपच वेगळे असेल तर तटरक्षक दल त्यात सवलत देऊ शकते, मात्र चार तासांपेक्षा कमी काम कोणत्याही स्थितीत दिवस म्हणून धरले जात नाही. म्हणजेच सकाळी एक फेरी मारून उरलेला दिवस गोदामात तंबू वाळवण्यात गेला, तर तो दिवस मोजता येत नाही. अशा हिशेबाने ९० दिवस भरण्यात बर्फ वितळल्यापासून शरद ऋतूपर्यंतचा जवळजवळ सगळा हंगाम जातो. त्यामुळे पहिल्याच उन्हाळ्यात आलेल्या मुलाच्या हाती पर्यटकांची बोट देण्याचा बेत संस्थेने आखू नये.

तो पहिला उन्हाळा शिकण्यासाठीच ठेवावा. परवानाधारक चालकासोबत बसून, तसेच पर्यटकांना सोडून परतणारी रिकामी बोट स्वतः हाकून, अनुभव नियमात राहूनच मिळतो. वरच्या चौकटीवर कनू बांधल्या की बोटीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि आडवा वारा तिला ढकलू लागतो, हे वाचून कळत नाही. पाण्याखालचे खडक कुठे आहेत, लाटेला नाळ (बोटीचे पुढचे टोक) किती तिरकी द्यावी, प्रवासी चढताना-उतरताना इंजिन का बंद असावे, हेही पाण्यावरच शिकावे लागते. मे महिन्यातील पाणी इतके थंड असते की उत्तम पोहणाऱ्याचेही हातपाय काही मिनिटांत निकामी होतात. म्हणून जीवरक्षक जाकीट बोटीत नुसते ठेवून भागत नाही, ते अंगावर हवे. २६ फुटांहून लहान आणि तीन किंवा अधिक अश्वशक्तीच्या बोटींत इंजिन-बंद कळ बसवलेली असेल, तर तिची दोरी चालकाने स्वतःला जोडणे १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारणपणे बंधनकारक आहे. शिकाऊ मुलाला ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

अनुभवाची नोंद सीजी-७१९ एस या नमुन्यात द्यावी लागते. प्रत्येक बोटीसाठी स्वतंत्र प्रपत्र असते आणि त्यात नोंदणी क्रमांक, लांबी, जलाशयाचे नाव व महिनावार दिवस भरून बोटमालकाची स्वाक्षरी घ्यायची असते. हंगाम संपल्यावर आठवणीने आकडे भरण्यापेक्षा रोजच्या रोज वही लिहावी आणि घरी परतण्याआधीच स्वाक्षरी घ्यावी.

मुख्य अर्ज सीजी-७१९ बी या नमुन्यात करायचा असतो. त्यासोबत डॉक्टरांनी गेल्या बारा महिन्यांत तपासून भरलेले वैद्यकीय प्रपत्र (सीजी-७१९ के) जोडावे. त्यात दृष्टी आणि रंगज्ञान यांचीही तपासणी असते. १८५ दिवसांच्या आतील अमली पदार्थ चाचणीचा अहवाल (सीजी-७१९ पी) लागतो. मिनेसोटात २१ वर्षांवरील व्यक्तींना गांजा ऑगस्ट २०२३ पासून कायदेशीर असला, तरी ही चाचणी संघीय नियमांची आहे आणि तीत गांजा आढळल्यास अर्ज अडकतो, ही गोष्ट मुलांना स्पष्ट शब्दांत सांगावी. याशिवाय ओळखपत्र, वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडील ट्विक ओळखपत्राच्या नोंदणीचा पुरावा, सुरक्षा-अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र, पे डॉट गव्ह संकेतस्थळावर भरलेल्या शुल्काची पावती, आणि काम व जलमार्ग नेमके सांगणारे संस्थेचे पत्र जोडावे. प्रथमोपचार व सीपीआरची (हृदय बंद पडल्यास छाती दाबून व श्वास देऊन करायच्या उपायाची) ताजी प्रमाणपत्रेही सोबत द्यावीत, कारण रुग्णालयापासून दूरच्या पाण्यासाठी ती मागितली जातात. अर्जाची छाननी वेस्ट व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग येथील राष्ट्रीय सागरी केंद्र करते. एखादे प्रपत्र अपुरे असले की सगळा अर्ज थांबतो, म्हणून पुढच्या उन्हाळ्यासाठीचा अर्ज हिवाळ्यातच पाठवावा.

नागरिकत्वाचा मुद्दाही महत्त्वाचा आहे. अमेरिकी नागरिक नसलेल्या व्यक्तीला कायदेशीर वास्तव्य सिद्ध केल्यास मिळणारा परवाना संघराज्याकडे नोंद (डॉक्युमेंटेशन) नसलेल्या लहान बोटींपुरताच असतो. जे-१ व्हिसाच्या उन्हाळी काम-प्रवास योजनेतून आलेल्या विद्यार्थ्याला, चालक-परवाना लागणारे वाहन किंवा नौका चालवण्याच्या कामावर नेमण्यास मनाई आहे, मग त्यात प्रवासी असोत वा नसोत. अशा विद्यार्थ्याने भरतीच्या वेळीच कामाचे स्वरूप लेखी घ्यावे.

परवाना पाच वर्षांसाठी मिळतो. तथापि तो नमूद केलेल्या कामापुरता आणि त्या ठिकाणापुरताच असल्याने, पुढच्या वर्षी दुसऱ्या तळ्यावरील संस्थेत नोकरी धरल्यास त्याच कागदावर तेथे पर्यटकांना नेता येत नाही.