गिटारवरील विस्तारित कॉर्ड

मूळ स्वराला षड्ज मानून एकेक स्वर गाळत वर चढत गेल्यास सा-ग-प ही साधी तीनस्वरी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरसमूह, मिळते आणि तिच्यावर निषाद ठेवला की चारस्वरी सेव्हन्थ कॉर्ड तयार होते. हीच चढण पुढच्या, म्हणजे तार सप्तकात नेऊन तिथला रे, म किंवा ध मिळवल्यास जी कॉर्ड होते, तिला विस्तारित कॉर्ड म्हणतात. हे स्वर मूळ स्वरापासून अनुक्रमे ९वे, ११वे आणि १३वे असतात. त्यापुढचा १५वा स्वर पुन्हा षड्जच असल्यामुळे ही मालिका १३व्या स्वराशी संपते. निषाद न घेता केवळ रे मिळवलेली ‘ॲड नाइन’ कॉर्ड ऐकायला जवळची वाटली, तरी ती या वर्गात मोडत नाही.

पूर्ण थर्टीन्थ (१३व्या स्वरापर्यंतच्या) कॉर्डमध्ये सात स्वर असतात, तर गिटारला तारा सहा आणि त्या दाबायला बहुधा चारच बोटे असतात. त्यामुळे कोणते स्वर गाळायचे हे कळणे, हाच गिटारवादकाच्या दृष्टीने या विषयाचा गाभा आहे. पंचम सर्वांत आधी गाळला जातो, कारण त्याच्या असण्या-नसण्याने कॉर्डची जात बदलत नाही. सोबत बास गिटार असेल तर षड्जही सोडता येतो. गंधार आणि निषाद मात्र सांभाळावे लागतात, कारण कॉर्ड मेजर (दोन्ही शुद्ध), मायनर (गंधार कोमल) की डॉमिनंट (गंधार शुद्ध, निषाद कोमल) हे त्या दोघांवरूनच ठरते. याला ठळक अपवाद डॉमिनंट इलेव्हन्थचा आहे. तिथे शुद्ध गंधार आणि वरचा शुद्ध मध्यम एकमेकांना खटकतात; म्हणून गंधार वगळतात किंवा मध्यम तीव्र करतात.

शिकताना बोटांच्या ठेवणी सुट्या पाठ करण्यापेक्षा एकाच ठेवणीत काय बदलते ते पाहणे अधिक फलदायी ठरते. तारा सर्वांत बारीक तारेपासून मोजून पाचव्या तारेच्या ३ऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीच्या घरात) सी (सा), चौथीच्या २ऱ्यावर ई (ग), तिसरीच्या ३ऱ्यावर कोमल बी (कोमल नी) आणि दुसरीच्या ३ऱ्यावर डी (रे) दाबल्यास सी नाइन वाजते. तिच्यातील चौथ्या तारेवरचे बोट एक फ्रेट मागे घेतले की गंधार कोमल होऊन सी मायनर नाइन मिळते. मूळ ठेवणीतच तिसऱ्या तारेवरचे बोट एक फ्रेट पुढे नेले की निषाद शुद्ध होऊन सी मेजर नाइन होते. तिन्हींत पंचम नाही आणि त्याची उणीव कानाला जाणवतही नाही. सरगम येणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने प्रत्येक तार सुटी छेडून तिचा स्वर गाऊन पाहावा. त्याला या कॉर्ड केवळ आकृत्यांवरून शिकणाऱ्यापेक्षा लवकर उमगतात.

या कॉर्ड विशेषतः जॅझमध्ये रुळल्या. अमेरिकन जॅझ पियानोवादक काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदात १९३७ साली आलेले गिटारवादक फ्रेडी ग्रीन तीन किंवा त्याहूनही कमी स्वरांत कॉर्ड सुचवीत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलमध्ये जोआव जिल्बेर्तो यांनी नायलॉनच्या तारांच्या गिटारवर या कॉर्डना बोसा नोव्हा या ब्राझिली संगीतशैलीची लय दिली. मुंबईत जॅझ रुजवण्यात गोमंतकीय वादकांचा मोठा वाटा होता आणि त्यांपैकी अनेकांनी पुढे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांतही काम केले.

या कॉर्डचे सौंदर्य एकेकट्या कॉर्डपेक्षा त्यांच्या क्रमात अधिक खुलते. सी हा षड्ज मानून डी मायनर नाइन, जी थर्टीन्थ आणि सी मेजर नाइन या क्रमाने वाजवल्या, तर चौथ्या तारेवर म, म, ग, तिसरीवर तार सा, नी, नी आणि दुसरीवर तार ग, ग, रे असे स्वर येतात. मूळ स्वर दूर उडी घेत असताना वरच्या तिन्ही तारांवरची बोटे एकतर जागची हलत नाहीत किंवा एक-दोन फ्रेटच सरकतात. जी थर्टीन्थमधला १३वा स्वर हा आधीच्या कॉर्डमधून न हलता राहिलेला तार गंधारच असतो, आणि तो रिषभावर उतरताच सी मेजर नाइनचा ९वा स्वर होतो.