सिनेमा बनतो, पोचत नाही: केरळच्या ‘सी-स्पेस’ची पार्श्वभूमी

7 मार्च 2024 रोजी तिरुवनंतपुरमच्या कैरळी चित्रपटगृहात केरळचे मुख्यमंत्री पिनराई विजयन यांच्या हस्ते ‘सी-स्पेस’ सुरू झालं. एखाद्या राज्य सरकारने स्वतःच्या मालकीचा ओटीटी प्लॅटफॉर्म काढण्याची देशातली ही पहिलीच वेळ. पहिल्या टप्प्यात त्यावर 42 चित्रपट आले: 35 कथापट, 6 माहितीपट आणि 1 लघुपट. महिन्याची वर्गणी ठेवलेली नाही, जो सिनेमा बघायचा तेवढ्याचेच पैसे भरायचे. पूर्ण लांबीच्या चित्रपटाला 75 रुपये, 40 मिनिटांच्या फिल्मला 40, 30 मिनिटांच्या फिल्मला 30 आणि 20 मिनिटांच्या फिल्मला 20. त्यातला निम्मा वाटा निर्मात्याचा.

ओटीटीचा विषय निघाला की ॲप, इंटरनेटचा वेग, सबस्क्रिप्शन अशा गोष्टींवर बोलणं सुरू होतं. पण सी-स्पेस ज्या प्रश्नातून आलं तो इंटरनेटच्या कितीतरी आधीचा आहे. धंद्याच्या चौकटीबाहेरचा सिनेमा काढायला पैसे देण्याची सोय आपल्याकडे 1960 पासून आहे. काढलेला सिनेमा लोकांपर्यंत न्यायची जबाबदारी मात्र ज्याची त्याच्यावर सोडलेली होती. कुणी ती फिल्म सोसायटी (सभासदांना निवडक चित्रपट दाखवणारं मंडळ) काढून उचलली, कुणी गावोगाव हिंडून, कुणी सीडी वाटून.

या गोष्टीचा एक धागा मुंबईत सुरू होतो. 1949 मध्ये केंद्र सरकारने चित्रपटसृष्टीच्या चौकशीसाठी समिती नेमली. अध्यक्ष होते मुंबईचे काँग्रेसनेते स. का. पाटील. 1951 मध्ये अहवाल आला आणि त्यातल्या शिफारशींमधून पुढे तीन गोष्टी उभ्या राहिल्या. 1960 मध्ये कर्ज देणारं फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन, त्याच वर्षी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट, आणि 1964 मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. पैशाची, शिक्षणाची आणि जतनाची व्यवस्था झाली. वितरणासाठी त्या तोडीची संस्था काही झाली नाही. कॉर्पोरेशनच्या पैशातून 1969 मध्ये मृणाल सेन यांचा ‘भुवन शोम’ आला, 1970 मध्ये मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’ आला. अशा चित्रपटांना पारितोषिकं मिळत, परीक्षणं छापून येत आणि मग त्यातले बरेचसे डब्यात पडून राहत. वितरक घेत नाही म्हणून प्रेक्षक बघत नाही, आणि प्रेक्षक बघत नाही म्हणून वितरक घेत नाही. कर्ज मात्र फेडायचं असे.

पुण्याच्या इन्स्टिट्यूटमधून शिकून अदूर गोपालकृष्णन केरळात परतले आणि 1965 मध्ये कुलथूर भास्करन नायर वगैरे मित्रांबरोबर त्यांनी तिरुवनंतपुरमला ‘चित्रलेखा’ फिल्म सोसायटी काढली. आधी बघणारा तयार करायचा, मग सिनेमा काढायचा, हा तो क्रम. त्या काळात फिल्म सोसायटी चालवणं हे अंगमेहनतीचं काम होतं. रिळांचे जड डबे रेल्वेने मागवायचे, हॉल भाड्याने घ्यायचा, प्रोजेक्टर आणायचा, सभासदांना पत्रं टाकायची आणि खेळ झाला की डबे वेळेत परत पाठवायचे. डबे यायचे ते पुष्कळदा पुण्याच्या संग्रहालयातून. तिथे पी. के. नायर होते, मूळचे तिरुवनंतपुरमचे. दुर्मीळ चित्रपट मिळवून जपणारा माणूस म्हणून सगळे त्यांना ओळखतात. जपलेला सिनेमा दाखवला गेला पाहिजे, हा त्यांचा ध्यासही तितकाच मोठा होता. देशभरच्या फिल्म सोसायट्यांना त्यांचा आधार वाटायचा तो त्यामुळे.

‘चित्रलेखा’ने पुढे निर्मितीसाठी सहकारी संस्था केली आणि 1972 मध्ये ‘स्वयंवरम्’ काढला. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने त्यासाठी दीड लाख रुपये कर्ज दिलं होतं. वितरणही ‘चित्रलेखा’नेच केलं. पहिल्या प्रदर्शनात चित्रपट पडला. मग राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले: सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेत्री शारदा, छायालेखन. तोच चित्रपट पुन्हा लावला गेला, लोक आले आणि कर्ज फिटलं. चित्रपटाची एक फ्रेमही बदलली नव्हती. लोकांना बघायचा नव्हता असं नाही, तो आहे हेच लोकांना कळलं नव्हतं. सगळ्या स्वतंत्र चित्रपटांचं दुखणं मला या एका उदाहरणात दिसतं. आणि पुरस्कार मिळालाच नसता तर काय, हा विचार अस्वस्थ करतो.

जॉन अब्राहम यांनी वेगळी वाट काढली. (हिंदीतला नट नव्हे, मल्याळी दिग्दर्शक.) तेही पुण्याच्या इन्स्टिट्यूटचे, ऋत्विक घटक यांचे विद्यार्थी. 1984 मध्ये त्यांनी मित्रांबरोबर कोळिकोडला ‘ओडेसा’ नावाचा गट उभा केला. निर्माता नको, वितरक नको, बँक नको. सिनेमा लोकांचा, तर पैसेही लोकांकडूनच घ्यायचे. कार्यकर्ते घरोघर आणि गावोगाव फिरले, पथनाट्यं केली, चॅप्लिनचा ‘द किड’ दाखवून त्या खेळांना जमलेल्या लोकांपुढे झोळी धरली. या वर्गणीतून 1986 मध्ये ‘अम्मा अरियान’ पूर्ण झाला आणि तो ओडेसानेच गावोगाव नेऊन दाखवला. त्यात पैसे घालणारा आणि बघणारा एकच होता. दहा वर्षं आधी गुजरातेत ‘मंथन’साठी दूध संघाच्या 5 लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी 2 रुपये दिले होते, पण त्यांच्या मागे अमूलसारखी भक्कम सहकारी यंत्रणा होती. ओडेसाकडे यंत्रणा म्हणजे हिंडणारी पोरं. पुढच्याच वर्षी, 1987 च्या मे महिन्यात, कोळिकोडला इमारतीवरून पडून जॉन गेले. ओडेसाने त्यानंतरही खेळ चालू ठेवले, पण ज्या माणसाच्या अंगात ही कल्पना होती तो राहिला नव्हता.

याच सुमाराला एक वाट सरकारी टीव्हीतून निघाली. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले पुरस्कारप्राप्त चित्रपट सबटायटल्ससह लागत. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीने बंगाली, मल्याळी, आसामी सिनेमा पहिल्यांदा बघितला तो जेवणं झाल्यावर, घरच्या चटईवर बसून. इतका मोठा प्रेक्षक या चित्रपटांना आधी कधी मिळाला नव्हता. पुढे खाजगी वाहिन्या आल्या, जाहिरातींचं गणित आलं आणि ती दुपार हातातून गेली.

माहितीपटांची वाट आणखी बिकट होती. आनंद पटवर्धन यांना आपले चित्रपट दूरदर्शनवर लागावेत म्हणून कोर्टात जावं लागलं, एकदा नव्हे, वारंवार. दरम्यान त्यांचे चित्रपट व्हिडिओ कॅसेटवरून वस्त्यांमध्ये, कॉलेजांमध्ये, संघटनांच्या कार्यालयांत फिरत राहिले. 2004 मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय माहितीपट महोत्सवात भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्याचा प्रयत्न झाला. विरोधानंतर अट मागे घेतली गेली, पण अनेक टोकदार चित्रपट निवडीतून गळाले. मग माहितीपटकारांनी प्रभादेवीला, महोत्सवाच्या अगदी समोर, भूपेश गुप्ता भवनात ‘विकल्प’ हा स्वतःचा महोत्सव भरवला. गुजरातच्या दंगलींवरचा राकेश शर्मा यांचा ‘फायनल सोल्यूशन’ या गळालेल्या चित्रपटांपैकी एक. शर्मा यांनी त्याच्या सीडी फुकट दिल्या. अट एकच: घेणाऱ्याने आणखी पाच प्रती काढून पुढे वाटायच्या. ज्या नकलेला सारी चित्रपटसृष्टी चोरी म्हणत होती, तिलाच त्यांनी वितरणाचं साधन केलं.

डिजिटल प्रोजेक्शन आल्यावर प्रिंटचा खर्च गेला, तेव्हा आता छोट्या चित्रपटांचे दिवस आले असं वाटलं होतं. प्रत्यक्षात मल्टिप्लेक्समध्ये त्यांच्या वाट्याला सकाळी अकराचा किंवा दुपारचा एखादा खेळ यायचा. नोकरी करणारा माणूस त्या वेळी जाणार कसा? शनिवार-रविवारी कुणाच्या तोंडून कळावं तर सोमवारपर्यंत चित्रपट उतरलेला. मराठीत हे दुखणं इतकं वाढलं की 2015 मध्ये मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपटांना प्राइम टाइमचा खेळ द्यावा म्हणून राज्य सरकारला पुढे यावं लागलं. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ त्याच एप्रिलमध्ये लागला, व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दोन पारितोषिकं घेऊन. त्यांचा पुढचा ‘द डिसायपल’ व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळवून 2021 मध्ये आला तो थेट नेटफ्लिक्सवर.

इंटरनेटवरून स्वतंत्र सिनेमा पोचवायचे प्रयत्न तोवर सुरू झाले होते. एफे चाकारेल यांनी 2007 मध्ये सुरू केलेलं ‘मुबी’ हे ऑनलाइन प्लॅटफॉर्म 2019 मध्ये भारतात आलं आणि निवडून दाखवलेल्या सिनेमाला पैसे भरणारा प्रेक्षक इथेही आहे हे दिसलं. कन्नडमध्ये पवन कुमार यांनी ‘लुसिया’ प्रेक्षकांच्या वर्गणीतून काढला आणि ऑनलाइन दाखवण्यासाठी ‘होम टॉकीज’ हा स्वतःचा खटाटोप करून पाहिला.

पण केरळात हा प्रश्न ऐरणीवर आला तो एका स्वयंपाकघरामुळे. 15 जानेवारी 2021 रोजी जियो बेबी यांचा ‘द ग्रेट इंडियन किचन’ ‘नीस्ट्रीम’ या छोट्या मल्याळी प्लॅटफॉर्मवर आला. मोठ्या ओटीटी कंपन्यांनी तो आधी नाकारला होता. बाईचं रोजचं राबणं, तुंबलेलं सिंक, पाळीची शिवाशिव हे सगळं इतक्या जवळून दाखवलेलं की आठवडाभरात केरळात घराघरांत त्यावर वाद सुरू झाले, आणि मग देशभर. काही महिन्यांतच तो ॲमेझॉन प्राइमवर झळकला. सान्या मल्होत्राचा हिंदी ‘मिसेस’ त्याचाच अवतार. चित्रपट चांगला होता की नाही, हे ओळखायला मोठ्या कंपन्या चुकल्या एवढ्यावर हा विषय संपत नाही. तो छोटा प्लॅटफॉर्म नसता तर त्याचं काय झालं असतं, हा खरा विषय. पुढे ओटीटी कंपन्यांनी खरेदीचा हात आखडता घेतला, आधी थिएटरचा गल्ला बघू मग बोलू म्हणायला लागल्या, तेव्हा तो आणखी गंभीर झाला.

केरळ सरकारपुढे याच्या जोडीला घरचाही प्रश्न होता. सी-स्पेस चालवणारं राज्य चित्रपट विकास महामंडळ 1975 पासूनचं, स्वतःचा चित्रांजली स्टुडिओ आणि कैरळीसारखी चित्रपटगृहं असलेलं. महामंडळाने दिग्दर्शिकांना प्रत्येकी दीड कोटी रुपये देऊन चित्रपट काढून घ्यायची योजना सुरू केली होती. त्यातून तारा रामानुजन यांचा ‘निषिद्धो’, श्रुती शरण्यम् यांचा ‘बी 32 मुतल् 44 वरे’ असे चित्रपट आले. सरकारनेच काढलेल्या चित्रपटांना पडदा मिळत नसेल तर त्या योजनेला अर्थ काय उरतो? सी-स्पेसच्या पहिल्या यादीत हे दोन्ही चित्रपट आहेत. उद्घाटनाच्या वेळी महामंडळाचे अध्यक्ष होते शाजी एन. करुण, ‘पिरवी’चे दिग्दर्शक आणि पुण्याच्या इन्स्टिट्यूटचेच छायालेखक. ओटीटीवर काय निवडलं जातं आणि काय पुढे केलं जातं यातल्या असमतोलावरचा उपाय म्हणून ते सी-स्पेसकडे बघत होते. 2025 च्या एप्रिलमध्ये ते गेले.

निवडीसाठी संतोष शिवन, श्यामप्रसाद, सनी जोसेफ, जियो बेबी अशा 60 जणांचं मंडळ नेमलं. आलेला चित्रपट त्यातले तिघे बघणार आणि त्यांनी शिफारस केली तरच तो चढणार. चित्रपटगृहवाल्यांची भीती वेगळी होती. उद्घाटनाच्या जेमतेम दोन आठवडे आधी त्यांच्या संघटनेने, ठरलेले 42 दिवस न थांबता चित्रपट ओटीटीला दिले जातात म्हणून, नवे मल्याळी चित्रपट लावायला नकार दिला होता. त्यामुळे चित्रपटगृहात लागून गेल्यावरच चित्रपट सी-स्पेसवर येईल असं महामंडळाला सांगावं लागलं. ज्यांना थिएटरच मिळत नाही अशांसाठी हा नियम जाचक आहे असं माझं मत, पण थिएटरवाल्यांशी वैर पत्करून महामंडळाला ते चालवता आलं नसतं.

आता 75 रुपयांचा हिशोब. निर्मात्याच्या वाट्याला साडेसदतीस रुपये येतात. दीड कोटीचा चित्रपट केवळ यावर वसूल व्हायचा तर 4 लाख वेळा बघितला जायला हवा. एवढं होणार नाही हे उघड आहे. पण ओटीटी कंपनी एकरकमी हक्क विकत घेते तेव्हा किती जणांनी बघितला याच्याशी निर्मात्याचा संबंध बहुधा उरत नाही. इथे प्रत्येक बघण्याचा हिशोब लागतो, चित्रपट तीन वर्षांनी कुणी बघितला तरी त्याचा वाटा मिळतो. स्वतंत्र सिनेमाला प्रेक्षक असाच मिळतो, हळूहळू, एकाने दुसऱ्याला सांगून. शुक्रवार ते रविवारच्या गणितात ते कधीच बसलं नव्हतं.

सी-स्पेस आलं त्याच वर्षी, 20 नोव्हेंबर 2024 ला, गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनाला प्रसार भारतीने ‘वेव्हज’ हा ओटीटी सुरू केला. त्यावर दूरदर्शनच्या जुन्या मालिका, थेट वाहिन्या, रेडिओ, गेम्स आणि खरेदीसुद्धा आहे. व्याप फार मोठा, पण स्वतंत्र सिनेमा हा त्याचा मुख्य हेतू नाही. मराठीत रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला 2025 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. सप्टेंबरमध्ये तो आपल्याकडच्या चित्रपटगृहांत लागला, तो हैदराबादच्या राणा दग्गुबाती यांच्या कंपनीने वितरणाचं काम अंगावर घेतलं तेव्हा.